आठ विहिरींचा एकच ढीग

माई, तू बरोबर होतीस. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर सांगायचं म्हटलं तर माझा स्वभाव आडवा येईल. तोंडवलीच्या अलीकडे खाडीला लागून असलेल्या त्या वाडीत काल मी जाऊन आले. आठ घरांच्या आठ विहिरी पाहिल्या आणि आठही ठिकाणचं पाणी माझ्या हाताने उपसलं. तू जामसंड्याच्या आपल्या स्वयंपाकघरात बसून, कालवणाची सुंगटं सोलता सोलता, ती वाडी कधी डोळ्यांनी न बघता जे म्हणालीस, तेच निघालं. तुला ते कसं दिसलं हे मला आता कळतंय.

तुझं तेरावं परवा झालं. कोण आलं, कोण आलं नाही, वडे कसे झाले, हे काही मी सांगत बसणार नाही. तुला त्यात कधी रस नव्हता. झाडावर राहिलेला आंबा गड्यांनी उतरवला, तेवढं फक्त भावोजींनी उभं राहून बघितलं. मला तुझ्याशी पाण्याबद्दल बोलायचंय. ते भांडण अर्धवट टाकून तू निघून गेलीस, आणि अर्धवट भांडण मला पचत नाही हे तुला ठाऊक होतं.

मी ह्या घरात धाकटी सून म्हणून आले तेव्हा थोरली जाऊ म्हणून तुला ‘तुम्ही’ म्हणत होते. तू दुसऱ्याच दिवशी म्हणालीस, “तुमी-बिमी नको गो. मी काय तुजी मास्तरीण?” आणि पुढे नेमकी मास्तरीणच होऊन बसलीस. मुंबईत औषधांच्या कंपनीत नोकरी केलेली तू. लग्नानंतर इकडे येऊन पुढच्या पडवीला जाळी ठोकलीस, दोन टेबलं मांडलीस, काचेची नळकांडी आणलीस, आणि दारावर ‘प्रयोगशाळा’ म्हणून पाटी लावलीस. ती पाटी कुणी वाचली नाही. अख्खं जामसंडं आपल्याला ‘पाणी तपासतत ती’ एवढंच म्हणतं. माझी बी.एस्सी.ची डिग्री पेटीच्या तळाशी साड्यांखाली पडली होती. पोरं शाळेत जायला लागली तशी ती तूच वर काढायला लावलीस.

मला वाटलं होतं तू मला यंत्रं शिकवशील. तू दिलीस एक पाण्याची बाटली, आपल्याच परसातल्या विहिरीची. पाण्यातलं मीठ मोजायचं. फ्लास्कातल्या, औषध घालून पिवळ्या केलेल्या पाण्यात ब्युरेटच्या नळीतून थेंब थेंब द्रावण सोडायचं, रंग विटकरीकडे वळला रे वळला की थांबायचं, आणि किती द्रावण लागलं ते वाचायचं. जास्त लागलं तर पाणी जास्त खारं. एवढंच. मी केलं आणि ऐटीत आकडा सांगितला. तू म्हणालीस, आता हेच दहा वेळा.

दहा वेळा केलं आणि दहा वेगळे आकडे आले. फरक थोडाच, पण जुळेना म्हणजे जुळेना. माझ्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. इतकी वर्षं चुलीशी घालवल्यावर हात काय राहणार, असं मनात आलं. तू ते आकडे वाचलेस आणि तुझा चेहरा असा काही खुलला की मला रागच आला.

“भिव नको,” तू म्हणालीस. “एकच पाणी, एकच हात, तरी आकडे धा. असांच असता. खरो आकडो कोणाकच गावणा नाय. आपल्याक फक्त तो खंय लपलो हा, तेवढां कळता.”

मग तू आतून आपल्या सासूबाईंच्या, आईंच्या, लाल टिकल्यांचं पाकीट आणलंस. आलेखाच्या कागदावर प्रत्येक आकड्याच्या जागी एक टिकली चिकटवायची, आकडा परत आला की टिकलीवर टिकली. दहाचे तीस करायला लावलेस, आठवडा गेला त्यात. शेवटी कागदावर मधे एक ढीग उभा राहिला, दोन्ही बाजूंना उतरता. फार लांब एखाददुसरी टिकली, जवळ जवळ गर्दी. मी त्याच्याकडे बघत राहिले. ह्यांना मधे जमायला कुणी सांगितलं? मी तर प्रत्येक वेळी बरोबर मोजायचा प्रयत्न करत होते, चुकत होते ते माझ्या नकळत. आणि त्या नकळत झालेल्या चुकांनी इतका नीटनेटका आकार धरला होता.

तू सांगितलंस: कधी थेंब जरा मोठा पडतो, कधी नजर जरा खाली जाते, कधी रंग ओळखायला डोळा उशीर करतो. प्रत्येक गोष्ट आकड्याला जराशी ढकलते, कुणी वर, कुणी खाली. बहुतेक वेळा ढकलाढकली आपसात मिटते, म्हणून मधे गर्दी. सगळ्यांनी मिळून एकाच बाजूला ढकललं असं क्वचित होतं, म्हणून कडेला विरळ. “इतकी वर्सां बगतंय,” तू म्हणालीस, “पण ढीग उभो रवलो की अजून माका कसांतरीच होता. देवळात गेल्यासारख्यां.” तू देवळात कधी जायची नाहीस, म्हणून ते वाक्य माझ्या लक्षात राहिलं.

आई मात्र टिकल्या संपल्या म्हणून आपल्या दोघींच्या नावाने शंख करत होत्या.

मग मला ह्या पसाऱ्याचंच माप शिकवायला घेतलंस. पुस्तकात त्याला प्रमाण विचलन म्हणतात; आपण दोघी त्याला पसाराच म्हणत आलो. तू म्हणालीस, आधी सरासरी काढ, मग प्रत्येक आकडा सरासरीपासून किती लांब ते लिही, आणि त्याची बेरीज कर. मी बेरीज केली. शून्य. पुन्हा केली. पुन्हा शून्य. दुपारचं जेवण थंड झालं आणि मी शून्याशी झगडत बसले. तू दारातून बघत होतीस आणि तोंडाला पदर लावून हसत होतीस. सरासरी म्हणजेच तो बिंदू, जिथे वरच्यांचं आणि खालच्यांचं ओझं सारखं होतं, मग शून्य नाही येणार तर काय येणार? म्हणून त्या अंतरांचे वर्ग करायचे, वजा चिन्ह मोडायचं, आणि शेवटी वर्गमूळ काढून परत घरी यायचं. हे तू मला सरळ सांगू शकली असतीस. पण शून्याने माझं डोकं खाल्लं नसतं, तर वर्ग कशाला करतात हे मला आजही कळलं नसतं.

एक भांडण मात्र कधी मिटलं नाही. दहा मापं असतील तर भागायचं नवाने. का? मी विचारलं. तू म्हणालीस, सरासरी त्याच दहा आकड्यांतून काढली ना, एक आकडा तिथे खर्ची पडला; नऊ माहीत झाले की दहावा बांधलेलाच. मी म्हटलं, खर्ची कुठे पडला, हा काय समोर आहे, दहावा. तू दुसरीकडून सांगितलंस, तिसरीकडून सांगितलंस, एकदा तर वाटाण्यांनी सांगितलंस. मी भागायची नवानेच, पण मनातून मानलं नाही. तुला ते कळायचं. “अजून नाय पटूक?” असं तू मधेच, भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना विचारायचीस. नाही पटलं, माई. आता कुणी समजावणारही नाही.

तुझं हे वेड पडवीत मावत नव्हतं. विजयदुर्गाला आपण तुझ्या मावशीकडे गेलो होतो, तेव्हा जेटीवर एका बाईच्या टोपलीतले बांगडे तू पट्टी लावून मोजायला बसलीस. ती बाई म्हणाली, “घेवचे तर घे गो बाय, मापां कित्याक काढतंस? चोळी शिवतंस त्यांका?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तू शांतपणे सगळे बांगडे विकत घेतलेस आणि घरी आणून मोजलेस. आलेखावर तोच ढीग. तोच, माई. समुद्रात वाढलेले मासे आणि माझ्या हाताच्या चुका एकाच आकाराच्या. तू कागद माझ्यासमोर धरलास. पुढचे तीन दिवस घरात बांगड्यांशिवाय काही शिजलं नाही.

आणि गणपतीच्या आदल्या दिवशीचं. आईंनी विचारलं, उद्या पानाला माणसं किती? तू म्हणालीस, “बावीस. तीन हय, तीन थंय.” आईंनी उलथनं खाली ठेवलं. “माका हय-थंय नको. मोदक किती वळूचे तां सांग.” तू हिशोब मांडून सांगितलंस, की बावीस जणांचे वळले तर अर्ध्या वेळी कमी पडतील, म्हणून पंचविसांचे वळा. आई म्हणाल्या, “तां मी आधीच ठरयलेलंय, शिकाक नाय गेलंय तरी.”

आता वाडीचं. तू होतीस तोवरचं तुला माहीत आहे, तरी सांगते, कारण माझ्या बाजूने तू ते कधी ऐकलंच नाहीस.

ग्रामपंचायतीचा निरोप आला, वाडीत उन्हाळ्यात विहिरी खाऱ्या होतात अशी तक्रार आहे, पाणी तपासून द्या. ज्या वाड्यांचं पाणी खारं निघेल त्यांना नळ आधी. म्हणजे आपल्या कागदावर सही झाली की त्या आठ घरांचा नळ येणार तरी किंवा मागे पडणार तरी. त्यावेळी आंब्याच्या रसाची कामं तोंडावर होती, दोघींना उसंत नव्हती. म्हणून वाडीतल्या आनंदीकाकींकडे आपण स्वच्छ बाटल्या पाठवल्या. त्यांनी घरोघरी भरून घेतल्या आणि एसटीने परत धाडल्या. खालचं घर, चढणीवरचं घर, खाडीकडचं घर, पिंपळाकडचं घर, अशी एकेकीवर चिठ्ठी.

ते काम तू पूर्ण माझ्याकडे दिलंस. सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझं असं ते पहिलं काम. प्रत्येक बाटली तीनदा मोजली. माझा हात त्या दिवसांत असा काही चालत होता की मलाच नवल वाटत होतं. थेंब तुटायचा नेमका तिथेच तुटायचा. आठही विहिरी गोड निघाल्या, आणि पसारा इतका लहान आला की मी तो कागद घेऊन थेट स्वयंपाकघरात आले आणि तुला मोठ्याने वाचून दाखवला. खोटं कशाला बोलू, मला शाबासकी हवी होती. तू कधी कुणाला ती दिली नाहीस हे माहीत असूनही हवी होती.

तू सुंगटं सोलायची थांबलीस. ओल्या हाताने कागद धरायला नको म्हणून मान वाकडी करून वाचलास. मग म्हणालीस, “ह्यो पसारो ल्हान आसा गो. खूपच ल्हान.”

“बरो आसा मा मग?”

“एक घर खाडीक टेकलेलां, एक वर चढणीर. भरतीचां पाणी दोघांकडे सारख्यां कसां पोचात? विहिरी आठ, पण पाणी एकच दिसता.” आणि मान सरळ करत, “तू एकदा त्या वाडीत जावन ये.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. “म्हणजे मी आकडे बसयले असां म्हणतंस?”

“तां मी म्हणूक नाय.”

“मग काय म्हणतंस?”

“वाडीत जावन ये म्हणतंय.”

मी बोलले ते सगळं आठवतंय. जमीन एक, खाली झरा एक असेल. लोक नळासाठी कांगावा करतात. आणि माझं काही चांगलं झालं की तुला बघवत नाही. तुझ्या इतक्या वर्षांच्या शिकवणीत एकदा तरी ‘बरं केलंस’ म्हणालीस का? तू परत सुंगटं सोलायला लागलीस. मला वाटलं, हिला बोलायचंच नाही. नंतर दोन-तीन दिवस आपण मीठ कुठंय, दूध आलं का, एवढंच बोललो. मग सकाळी अंगणात कपडे पिळताना तू छाती धरून बसलीस आणि गोव्याच्या रुग्णालयापर्यंत पोचलीही नाहीस.

मी रडले, माई. पण खरं सांगते, रडताना मधेच राग यायचा. उत्तर न देता गेलीस म्हणून.

तेरावं झाल्यावर पडवी उघडली. पंचायतीतून फोन आला होता, अहवाल कधी देता. सही आता मलाच करायची होती. कागद समोर होता, गोड, गोड, गोड. मी पेन उघडलं आणि म्हटलं, आधी माईला खोटी पाडते, मग सही करते. तू म्हणालीस पाणी एकच दिसतं, तर ते कुठे दिसतं तेच बघू.

टिकल्या काढल्या. एका बाटलीची तीन मापं, तिच्या तीन टिकल्या. दुसरीच्या तीन. आठही बाटल्यांच्या लावत गेले. विहिरी वेगळ्या असतील तर आठ लहान लहान झुबके दिसायला हवेत, कुणी इथे, कुणी तिथे. भले जवळ असोत, पण वेगळे. माझ्यासमोर उभा राहिला एकच ढीग. मधे गर्दी, दोन्ही बाजूंना उतरता. पहिल्या आठवड्यात आपल्या परसातल्या एकाच बाटलीचा उभा राहिला होता, अगदी तसा. पिंपळाकडचं घर कुठलं आणि खाडीचं घर कुठलं हे त्यातून निवडून काढताच येईना. एका बाटलीची तीन मापं आपसात जेवढी हलत होती, तेवढ्याच आठ विहिरी आपसात हलत होत्या. म्हणजे जे हलत होतं ते पाणी नव्हतंच. ती फक्त मी होते, माझा थेंब, माझी नजर. पाणी जागचं हललंच नव्हतं.

मी पेन बंद केलं. कागदावर एका जागी बसलेल्या लाल टिकल्या, आणि त्यांच्यातून एक अख्खी वाडी काहीतरी लपवतेय हे दिसत होतं. आणि तुला ते टिकल्या न लावताच, नुसत्या आकड्यांवर नजर फिरवून दिसलं होतं. मी घाबरले, माई. चांगल्या अर्थाने घाबरले. दहा वेळा मोजायचं, बेरीज करायची, भागायचं, ह्या इतक्या साध्या गोष्टीत एवढं बळ असतं हे मला तोवर खरंच माहीत नव्हतं. शिकले होते, पण माहीत नव्हतं.

काल स्कूटर काढली आणि आचऱ्यावरून वाडीत गेले. आनंदीकाकी तुझ्या वयाच्या, गुडघ्यांनी आखडलेल्या. मी कोण ते कळल्यावर लगबगीने आत गेल्या आणि तांब्या भरून पाणी आणलं. मी प्याले. गोड, गार पाणी. मी विचारलं, हे तुमच्या विहिरीचं?

“छ्या. ह्यां वरच्या बावीचां. काजीच्या भाटल्यात आसा ती. पाहुण्यांका थंयचांच दितंव.”

मग हळूहळू उलगडलं. चढणीवर काजूच्या बागेत एक जुनी विहीर आहे, तिचं पाणी बारा महिने गोड. प्रत्येक घरात एक कळशी तिथून भरून वेगळी ठेवतात, पाहुण्यांसाठी. घरची माणसं आपापल्या विहिरीचं पितात, चैत्र उलटला की खारट, कडवट, भात शिजवला तरी चव लागते असं. पण दारात आलेल्याला ते कुणी देत नाही. तशी रीतच आहे.

“आणि बाटल्यांत कुठलं भरलंत, काकी?”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, हे काय विचारणं झालं अशा. “परक्याच्या हातात खारां पाणी कसां दिवचां गो? तुमी थंय चाखून बगतलात मा? घराक नावां ठेवतीत लोक.”

शेजारची सून कुंपणापाशी उभी होती. ती तोंडावर हात ठेवून म्हणाली, “अगे बाय. मी पण थंयचांच भरलंय.” मग पिंपळाकडच्या आजी आल्या, खालच्या घरची बाई आली. प्रत्येकीने तेच केलं होतं, आणि प्रत्येकीला वाटत होतं आपण एकटीनेच केलं. कुणी कुणाला विचारलं नव्हतं. आठ जणी, आठ वेगळ्या वेळी, एकेक बाटली पदराआड घेऊन तीच चढण चढल्या होत्या. मी त्यांना सांगितलं की ह्यामुळे तुमचा नळ गेला असता. सगळ्या अशा हसायला लागल्या की मलाही हसू आवरेना. आनंदीकाकी हसता हसता डोळे पुसत म्हणाल्या, “सांगूचां तरी तुमी, खारांच व्हया म्हणान.”

खरंच की. आपण सांगितलंच नव्हतं. पाणी द्या म्हणालो, आणि त्यांनी आपल्याला पाहुणे धरलं.

मी आठही विहिरींवर गेले आणि स्वतः पोहरा टाकला. खालच्या घरची बाई मला थांबवत होती, आधी चार पोहरे उपसून टाकू दे, वरचा पाचोळा जाऊ दे, इतकं घाण नेऊ नको. मी म्हटलं, जसं आहे तसं द्या. तिला ते फार जड गेलं. बाटली माझ्या हातात देताना तिने मान दुसरीकडे केली होती.

रात्रीपर्यंत धीर धरवला नाही मला. आल्या आल्या पदर खोचला आणि मापाला बसले. आज सकाळी संपलं. नवा कागद, नव्या टिकल्या. आई खोलीतून म्हणाल्या, “माजी पाकिटां गेली ती गेलीच म्हणायची.” मग थोड्या वेळाने स्वतःच एक नवीन पाकीट आणून टेबलावर ठेवून गेल्या.

आता कागदावर आठ झुबके आहेत. चढणीवरच्या घराचा अलीकडे, मग पिंपळाकडचा, मग एकेक करत खाडीच्या बाजूने खारं होत जातं, आणि खाडीला टेकलेल्या घराचा झुबका इतका लांब गेला की कागदाला कागद जोडावा लागला. बघायला कागद गबाळा दिसतो, इकडे तिकडे पांगलेला. पण खरा आहे. खाडीची भरती जमिनीखालून कुठवर पोचते ते त्यावर टिकल्यांनी काढल्यासारखं दिसतंय. मी कधी न पाहिलेलं, कुणीच न पाहिलेलं जमिनीच्या पोटातलं पाणी. मी त्याच्यासमोर उभी राहिले तेव्हा तुझं ते देवळाचं वाक्य मला पहिल्यांदा नीट समजलं.

अहवाल लिहिला. खालच्या सहा घरांचं पाणी पिण्याजोगं नाही असं स्पष्ट लिहिलं. सही केली. पंचायतीत दुपारी देऊन आले.

आणि मग घरी येऊन, हात धुताना, मला ते कळलं. ते सांगायलाच हे सगळं लिहायला बसले.

तुला माझ्या मापात खोट दिसली की तू काय करायचीस? चष्मा कपाळावर ढकलायचीस आणि दोनच शब्द बोलायचीस, “परत कर.” आकडे फार पांगले, परत कर. एकच आकडा फटकून गेला, परत कर. ऐकून ऐकून माझे कान किटले होते. आणि आठ विहिरींचे आकडे असे हुबेहूब सारखे कुणी आणून ठेवले तर कुठल्याही जाणत्या माणसाला पहिली शंका काय यावी? हिने एकाच बाटलीतून सगळं उरकलं, नाहीतर टेबलाशी बसून आकडे लिहिले. मला तीच आली असती. म्हणून तर मी भडकले. तू न बोललेलं मीच तुझ्या तोंडी घातलं आणि मीच त्यावर भांडले.

त्या दिवशी तुझ्यासमोर दोनच गोष्टी होत्या, माई. एका बाजूला आठ घरं, आठ विहिरी, त्यांच्यावर डकवलेल्या आठ चिठ्ठ्या. दुसऱ्या बाजूला माझा एक हात. त्यातलं काहीतरी एक खोटं होतं. आणि तू सुंगटं सोलता सोलता, क्षणाचाही विचार न करता, आठही विहिरी खोट्या ठरवून मोकळी झालीस.

पाणी उरलं होतं. आठही बाटल्यांत अर्ध्याहून जास्त, परत मोजायला पुरेल इतकं, तिथेच पडवीच्या फळीवर. तू परत कर म्हणाली नाहीस. वाडीत जा म्हणालीस.